नैवेद्याआधीचा मोदक

उकड गार व्हायला लागली की मोदकाची पारी मिटताना चिरते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. उकडून झालेला मोदक ताटात किती वेळ ताजा दिसतो, हा प्रश्न मात्र घरात कधी पडत नाही, कारण तेवढा वेळ तो ताटात राहतच नाही. चित्रीकरणात हा प्रश्न सकाळीच उभा राहतो. दिव्यांसमोर मांडून ठेवलेल्या उकडीच्या मोदकाचा ओलसर तुकतुकीतपणा आधी जातो, मग कळ्यांच्या कडा सुकतात, आणि थोड्या वेळानं टोकापासून खाली एक बारीक रेघ उतरते. ती डोळ्यांना जेमतेम दिसते. कॅमेऱ्याला स्वच्छ दिसते.

म्हणून पुण्यातल्या नारायण पेठेतल्या एका जुन्या घराच्या मागच्या पडवीत, भाद्रपद कितीतरी लांब असताना, मोदकपात्र सतत शेगडीवर होतं. सणासुदीला ऑर्डरचे मोदक करणाऱ्या एक काकू खोबरं, गूळ आणि पिठी घेऊन तिथे ठाण मांडून बसल्या होत्या. एक घाणा कॅमेऱ्यासमोर जायचा तेव्हा दुसरा वाफेवर असायचा. कलाविभागातली मुलगी तुपाची वाटी आणि कोरा ब्रश घेऊन दर शॉटच्या आधी एकेका मोदकावरून हात फिरवून जायची. आणि ताटात किती मोदक आहेत, कुठला मोदक कुणाकडे तोंड करून बसलाय, हे लिहून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. सेटवर त्याला कंटिन्युटी म्हणतात. हे काम मी मागून घेतलं होतं. मुलांना घेऊन केलेला विनोदी चित्रपट आतून कसा उभा राहतो, हे मला जवळून बघायचं होतं, आणि ज्याला प्रत्येक शॉटमध्ये कुठला हात कुठे होता ते टिपायचं असतं, त्याच्याइतकं जवळून दुसरं कुणी बघत नाही.

गोष्ट पंधरा-सोळा मिनिटांची. गणेशचतुर्थीची सकाळ, नैवेद्याच्या ताटात २१ मोदक. आठ वर्षांचा नातू त्यातला एक उचलून खातो. आरतीच्या आधी आजी मोजते तर भरतात १९. नातू गोंधळतो, कारण त्याचा हिशोब एकाचा आहे. घाबरून तो उंदराचं नाव घेतो. आजी ते मानत नाही. तिचा संशय बाबांवर जातो, कारण बाबांची लहानपणची कीर्ती तिला तोंडपाठ आहे. बाबा दुखावले जातात. आणि तेवढ्यात पेपर वाचत बसलेले, साखरेची गोळी घेणारे आजोबा पेपर खाली करून म्हणतात, "उंदीरच असणार. काल रात्री मी पाहिला."

या एका वाक्यावर सगळा चित्रपट उभा आहे. उंदीर नाही, हे त्या घरात फक्त नातवाला पक्कं ठाऊक आहे. मग आजोबांनी पाहिला तो कोण?

दिग्दर्शकाचं एक ठाम मत होतं आणि ते त्यानं पहिल्या वाचनालाच सगळ्यांना सांगितलं. विनोद खोट्यात नाही, खोटं टिकवायला जे काम करावं लागतं त्यात आहे. मोठ्यांना ते काम इतकं सवयीचं झालेलं असतं की ते दिसत नाही. फोनवर "निघालोच" म्हणणारा माणूस खुर्चीतून हलतही नाही. मुलाला मात्र प्रत्येक पायरी नव्यानं बांधावी लागते, आणि ती तो मन लावून बांधतो. शिवाय मुलाचं खोटं गरजेपेक्षा नेहमी मोठं असतं. फ्रान्स्वा त्रूफोच्या १९५९ च्या 'द फोर हंड्रेड ब्लोज'मधला मुलगा शाळा बुडवल्याचं कारण म्हणून थेट आई वारली असं सांगून बसतो. एवढं मोठं कारण दिल्यावर पुढे काय होणार, याचा विचार त्या क्षणी त्याच्याकडे नसतो. आमच्या नातवानं उंदीर म्हटल्यावर त्याला उंदराचे पुरावे उभे करावे लागतात. तो पेपरचा कोपरा स्वतःच्या दातांनी कुरतडतो. ओट्यावर तांदळाचे दाणे सांडतो. आणि उंदराच्या लेंड्या म्हणून मिसळणाच्या डब्यातली मोहरी एकेक करून फडताळाच्या कडेला मांडतो. आजी दोन दाणे बोटांत चुरडून वास घेते आणि म्हणते, "ही मोहरी आहे." आजोबा चष्मा नाकावर घेऊन, नीट निरखून निर्वाळा देतात, "छे, उंदराच्याच."

मोहरी मांडण्याच्या प्रसंगाला पटकथेत एकच ओळ होती. चित्रीकरणात तो अर्ध्या दिवसाचा झाला, आणि योग्यच झाला. मुलाची बोटं मोहरीच्या दाण्यापुढे जाडी पडतात. दाणा उचलला जात नाही, निसटतो, घरंगळतो. आमच्या मुलानं दोन-तीनदा प्रयत्न करून शेवटी बोट जिभेला लावलं, दाणा चिकटवून घेतला आणि अलगद लाकडावर टेकवला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दिग्दर्शकानं कट म्हटलं नाही. कॅमेरामननं हळूच फोकस बोटावरून चेहऱ्यावर नेला. ओठ घट्ट मिटलेले, जीभ गालात, डोळे दाण्यावर. प्रामाणिकपणानं चाललेली ती लबाडी बघताना खोलीतल्या सगळ्यांनी हसू दाबून धरलं, कारण आवाजाचं रेकॉर्डिंग तिथल्या तिथेच चाललं होतं.

मी माझ्या वहीत लिहिलं: उजवा हात, मधलं बोट, जिभेला लावलेलं. पुढच्या शॉटमध्ये तेच बोट ओलं हवं.

मुलाची निवड कशी झाली तेही सांगायला हवं. चाचणीला आलेल्या मुलांना संवाद पाठ करून यायला सांगितलेलं नव्हतं. दिग्दर्शक त्यांना विचारायचा, "तू कधी खोटं बोललायस का?" दाराशी बसलेल्या आईकडे एक नजर टाकून मूल म्हणायचं, "नाही." यात नवल काही नाही. मग दिग्दर्शक जमिनीवर मांडी घालून बसायचा आणि शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही आपणच कशी ठोकली, सही करताना आडनावाची वेलांटी कशी चुकली, ते सगळं सांगायचा. त्यानंतर मुलं बोलायला लागायची, आणि आईसमोरच. कुणी बाईंनी दिलेली सूचना घरी दाखवली नव्हती, कुणी भावाचा रंगांचा डबा संपवून टोपण नीट लावून ठेवलं होतं. आमचा नायक मात्र सांगताना मध्येच थांबला आणि म्हणाला, "पण दादा, तुमच्या बाबांना कळलं का नाही ते सांगा ना आधी." त्याची निवड त्या प्रश्नावर झाली. त्याला गोष्टीपेक्षा तिच्या निकालाची जास्त काळजी होती, आणि आमच्या नातवालाही तीच काळजी आहे.

त्या जुन्या घराचं स्वयंपाकघर चित्रपटात मोठं दिसतं. प्रत्यक्षात तिथे कॅमेरा, बूम धरणारा मुलगा आणि आजी एवढीच माणसं एका वेळी मावत होती. बाकी आम्ही माजघरात, छोट्या पडद्यासमोर. कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ जमिनीपासून साडेतीन फुटांवर होता, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीत. त्या उंचीवरून ओटा ही एक भिंत होते. ताट दिसत नाही, ताटातल्या मोदकांची फक्त टोकं दिसतात. मोठी माणसं कमरेपर्यंतच येतात, पदर, लेंग्याची नाडी, कामात असलेले हात. आजी ओणवी झाली तरच तिचा चेहरा चौकटीत येतो. त्यामुळे ती वाकते तेव्हा काहीतरी घडणार, हे प्रेक्षकाला न सांगता कळतं.

चतुर्थीचा पाऊस हवा होता, म्हणून पन्हळीच्या कडेनं भोकं पाडलेला नळ बांधून खिडकीबाहेर धार सोडली होती. शाडूची मूर्ती पेणहून आणली. रायगड जिल्ह्यातल्या पेणमध्ये मूर्तींचं काम वर्षभर चालतं, म्हणून ती अवेळी मिळाली. प्राणप्रतिष्ठा केलेली नसली तरी त्या मूर्तीपुढून आमच्यातलं कुणीही चपला घालून गेलं नाही. लाइटदादांनी स्टँड सरकवताना आधी हात जोडले. ही काही ठरवून पाळलेली शिस्त नव्हती.

खरा पेच काकूंनी घातला. पहिला घाणा ताटात आल्यावर त्यांनी विचारलं, "पोरगं हा उष्टा करणार ना? मग आधी नैवेद्य दाखवलाय का?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गोष्ट नैवेद्याआधी मोदक खाण्याची, पण काकूंना त्यांच्या हातचा मोदक देवाआधी कुणाच्या तोंडी जायला नको होता. मग रोज सकाळी पहिल्या शॉटच्या आधी देवघरात पाच मोदकांचा नैवेद्य दाखवायचा असं ठरलं. म्हणजे चित्रपटात जो मोदक चोरीचा आहे, तो प्रत्यक्षात प्रसादाचा होता. काकू निश्चिंत झाल्या.

पण त्यातून दुसरी अडचण निघाली. खाण्याचे प्रसंग चित्रित करताना नट घास चावतो, आणि कट म्हटल्यावर तो भांड्यात थुंकून टाकतो. जाहिरातींत तर ही रोजची पद्धत आहे. एकच प्रसंग पुन्हा पुन्हा करताना इतका गूळ-खोबरं पोटात घालणं कुणालाच झेपणार नाही. आमच्या मुलापुढे भांडं धरलं तेव्हा त्यानं मान हलवली. "प्रसाद आहे. थुंकायचा नसतो." त्याच्या आईनं समजावलं, दिग्दर्शकानं समजावलं. तो गिळून मोकळा झाला आणि पुढच्या टेकला तयार राहिला. त्याच्या पोटाची काळजी आम्हाला लागली. मग शॉटच बदलला. मोदक उचलून तोंडात घालण्याची क्रिया लांबून, एका सलग शॉटमध्ये, काकूंनी मुद्दाम लहान वळलेल्या मोदकावर घेतली. जवळच्या शॉटमध्ये फक्त चावणारे गाल आणि दाराकडे लागलेले डोळे. तिथे तोंडात केळ्याची फोड होती. केळ्याला हरकत नव्हती. लांबचा शॉट हा अडचणीतून आलेला, पण चित्रपटात तो पटकथेतल्यापेक्षा चांगला झाला. रिकाम्या स्वयंपाकघरात मधोमध एवढंसं पोर, त्याच्या मागे उघडं दार, आणि दारातून कुणीही कधीही येईल अशी भीती.

मुलाला घेऊन काम करताना घड्याळ वेगळं चालतं. बालकामगारविषयक केंद्रीय नियमांत २०१७ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे बालकलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मानधनातली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावी लागते. सेटवरची मोठी माणसं बारा-बारा तास राबतात, त्यामुळे हे पाच तास सगळ्यांना अपुरे वाटतात. मला मात्र त्या मर्यादेनं चित्रपटाचं भलं झालेलं दिसलं. मुलाचे शॉट आधी, तो ताजा असताना. तो घरी गेल्यावर त्याच्या जागी खांबाला चिकटपट्टी लावून आजी-आजोबा त्या पट्टीशी बोलायचे. आजोबांचं काम करणारे नट रंगभूमीवर आयुष्य घालवलेले. त्यांनी त्या चिकटपट्टीकडे ज्या मायेनं आणि ज्या अपराधी नजरेनं पाहिलं, ते पाहून लाइटदादाही काम थांबवून उभे राहिले.

आता नातवाच्या नजरेच्या शॉटकडे येते. आजोबा म्हणतात, "काल रात्री मी पाहिला," आणि नातू त्यांच्याकडे बघतो. या बघण्यात तीन गोष्टी हव्यात. आधी सुटकेचा आनंद, कारण साक्षीदार मिळाला. मग शंका. आणि मग समज, की आजोबाही खोटं बोलतायत. आठ वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर हे क्रमानं यायला हवं.

सोपा रस्ता सगळ्यांना दिसत होता. दुसरा मोदक आजोबांनी खाल्लाय हे मुलाला सांगायचंच नाही. कॅमेरा चालू असताना ते कळेल, चेहरा खरा येईल. मुलांकडून काम काढून घेण्याची ही जुनी युक्ती आहे आणि ती मोठमोठ्यांनी वापरली आहे. अब्बास किआरोस्तामींच्या १९८७ च्या 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस?'मध्ये गृहपाठाची वही न आणलेला मुलगा वर्गात रडतो. ते रडू खरं यावं म्हणून त्या मुलाचा जपून ठेवलेला पोलरॉइड फोटो फाडला होता, असं सांगितलं जातं. मित्राची वही चुकून आपल्याकडे राहिली म्हणून ती परत द्यायला गावोगाव धावणाऱ्या मुलाची ती गोष्ट माझ्या सर्वांत आवडत्या चित्रपटांपैकी आहे. पण त्या फाटलेल्या फोटोला माझ्या मनात जागा सापडत नाही. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'त वेगळं केलं होतं. काशफुलांच्या रानात बहिणीला शोधत चालणाऱ्या अपूची चाल अडखळती हवी होती. राय यांनी मुलाच्या वाटेत लहानसहान अडथळे ठेवले आणि वेगवेगळ्या बाजूंना माणसं उभी करून त्यांना ठरावीक वेळी हाका मारायला लावल्या. मुलगा थांबला, वळला, पुन्हा चालला. त्याला काही वाटायला लावलं नाही, काही करायला दिलं. फरक तिथे आहे.

आमच्या दिग्दर्शकानं पहिल्या वाचनालाच मुलाला सगळी गोष्ट सांगून टाकली होती, दुसऱ्या मोदकासकट. खरेपणाबद्दलचा चित्रपट मुलाला अंधारात ठेवून करायचा नाही, हे त्याचं म्हणणं. निर्मात्यांना ते पटलं नव्हतं, आणि शॉटच्या दिवशी त्यांचंच खरं होणार असं दिसत होतं. सगळं माहीत असलेल्या मुलानं दर टेकला डोळे मोठे केले, तोंड उघडलं, भुवया वर नेल्या. दूरचित्रवाणीवर पाहिलेलं आश्चर्य. दिग्दर्शक त्याच्यावर चिडला नाही. त्यानं चहा सांगितला, मुलाला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "आश्चर्य नको करूस. आजोबा बोलतील तेव्हा त्यांच्या सदऱ्याची बटणं मोज. वरून खाली." मुलानं विचारलं, "का?" "म्हणजे तू विचार करताना दिसशील." मुलाला ते पटलं. युक्ती काय आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि ती त्याची स्वतःची झाली.

रोल साउंड, स्पीड, क्लॅप, ॲक्शन. आजोबांनी पेपर खाली केला. वाक्य आलं. मुलाची नजर गळ्यापाशी गेली, हळूहळू खाली उतरली, मध्येच अडकली, पुन्हा वर गेली. पेपर धरलेल्या हातामागे एक बटण लपलं होतं, त्याची मोजणी जुळेना. कपाळावर बारीक आठी पडली. मग त्यानं मान वर करून थेट आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हिशोब विचारावा तसं. आजोबांचं काम करणाऱ्या नटांनी ती नजर क्षणभर झेलली आणि पेपर पुन्हा वर घेतला. पेपर वर घेणं पटकथेत नव्हतं. ते त्यांना त्या नजरेनं करायला लावलं.

मराठी पडद्यावर मुलांच्या चुकांची परंपरा जुनी आहे. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला १९५४ साली पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक मिळालं. त्यातला माधव वझे यांचा श्याम चुकतो, आणि आई त्याला घडवते. तिथे चुकीचा शेवट डोळ्यांतल्या पाण्यात होतो आणि ते पाणी आजही खरं वाटतं. साठ वर्षांनी परेश मोकाशींच्या 'एलिझाबेथ एकादशी'त पंढरपूरची मुलं लाडकी सायकल वाचवण्यासाठी आईच्या नकळत यात्रेत दुकान मांडतात. आईपासून लपवणं आहे, आणि त्यातून निघणारा विनोद निर्मळ आहे. त्यातली मुलं मोठ्यांना हसवण्यासाठी चुरचुरीत बोलत नाहीत, त्यांच्यापुढचं काम अवघड असतं आणि ती ते निष्ठेनं करतात. विनोदी बालपटाची कसोटी मला तिथे दिसते. पडद्यावरच्या मुलाला आपण विनोदी आहोत हे माहीत असता कामा नये.

आमच्या पटकथेचा पहिला शेवट जुन्या वळणाचा होता. नातू कबूल करतो, आजी कान धरते, त्याला त्या दिवशी मोदक मिळत नाही. तो बदलायला एक कारण लेखिकेनं वाचलेल्या एका प्रयोगातून मिळालं. टोरांटो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कँग ली, मॅकगिल विद्यापीठातल्या व्हिक्टोरिया टालवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली तो प्रसिद्ध केला. तीन ते सात वर्षांच्या मुलांना पाठीमागच्या खेळण्याकडे चोरून बघू नकोस असं सांगून एकटं सोडलं. बरीच मुलं बघतातच. मग त्यांना एक गोष्ट वाचून दाखवली आणि विचारलं, तू पाहिलंस का? ज्यांना 'लांडगा आला रे आला'ची किंवा पिनोकिओची गोष्ट ऐकवली, त्यांच्या खरं बोलण्यात काही फरक पडला नाही. चेरीचं झाड तोडल्याची कबुली देणाऱ्या आणि त्याबद्दल शाबासकी मिळवणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली. त्याच गोष्टीचा शेवट बदलून शिक्षेचा केला, तेव्हा तो परिणाम गेला. लांडग्याच्या भीतीनं मूल खरं बोलत नाही, खरं बोलल्यावर आपलं काय होईल हे बघून बोलतं. आमच्या मुलानं चाचणीत विचारलेला प्रश्न नेमका हाच होता.

नव्या शेवटात आजी कबुली ऐकून एवढंच विचारते, "मग आता २१ कसे भरायचे?" नातू म्हणतो, "मी एक करतो." आणि थोडं थांबून, "पण दुसरा मी नाही खाल्ला." घरातल्या सगळ्यांच्या माना एकेक करून पेपरकडे वळतात. पुढच्या शॉटमध्ये आजोबा आणि नातू परातीसमोर शेजारी शेजारी, हाताला पिठी लावून. आरती खोळंबली आहे. किआरोस्तामींचा १९७५ चा एक अगदी लहान चित्रपट मला इथे आठवला, 'टू सोल्यूशन्स फॉर वन प्रॉब्लेम'. एका मुलानं मित्राची वही फाटलेली परत दिली. एक उपाय म्हणजे बदल्यात त्याचं काही फाडायचं, मग त्यानं काही तोडायचं, असं वाढत जाणारं. दुसरा उपाय म्हणजे ज्यानं फाडली त्यानं ती डिंकानं चिकटवून देणं. इतक्या साध्या मांडणीत चूक ही दुरुस्त करायची गोष्ट आहे हे लहान मुलालाही दिसतं. कान धरण्यात ते दिसत नाही.

या प्रसंगानं आम्हाला शेवटचा धक्का दिला. पटकथेत नातवाचा मोदक वाकडा, फुटका होणं अपेक्षित होतं, त्यावर हशा होता. पण शॉटच्या मधल्या वेळात मुलगा सारखा पडवीत काकूंपाशी जाऊन बसायचा. पारी अंगठ्यानं कशी पातळ करत न्यायची, कळ्या चिमटीत कशा धरायच्या, टोक मिटताना हात गोल कसा फिरवायचा, सगळं त्यानं उचललं होतं. उरलेल्या उकडीच्या निवगऱ्याही तोच थापायचा. प्रसंगाच्या दिवशी त्यानं कॅमेऱ्यासमोर सुरेख अकरा कळ्यांचा मोदक वळला. दिग्दर्शक म्हणाला, "अरे, बिघडव ना थोडा." मुलगा म्हणाला, "पण मला येतो आता."

खोली गप्प झाली. येत असताना येत नाही असं दाखव, हे त्या मुलाला कुठल्या तोंडानं सांगायचं, हा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता. नट म्हणून त्याला ते सांगता आलं असतं. सांगायला हवं होतं असं काहींचं मत आजही आहे. दिग्दर्शकानं मात्र आजोबांच्या नटांकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यात मोदक वळलेला नव्हता. मग प्रसंग उलटा झाला. आजोबांचा मोदक पुन्हा पुन्हा फुटतो, सारण बाहेर येतं, आणि नातू त्यांचं बोट धरून शिकवतो, "असं नाही आजोबा, दाबू नका. फिरवा." पूर्ण चित्रपटातला सर्वांत मोठा हशा आज त्या प्रसंगाला आहे, आणि तो मुलाला हसून झालेला नाही.

संकलनाच्या खोलीत विनोद चौकटींनी मोजला जातो. सेकंदाला २४ चौकटी. आजोबांच्या वाक्यानंतर नातवाची नजर जिथे अडकते, तिथून वर जाईपर्यंतचा काळ संकलकानं आधी छाटला होता, वेग टिकावा म्हणून. वेग टिकला आणि हसू गेलं. बारा चौकटी परत घातल्या, अर्धा सेकंद. मग आणखी काही. प्रेक्षकाला मुलाबरोबर मोजायला वेळ मिळाला तेव्हाच आजोबांचं खोटं त्याला स्वतःला सापडलं. त्या शॉटखाली संगीत ठेवलेलं होतं, तेही काढलं. घरातला रिकामा आवाज, सेटवर सगळ्यांनी श्वास रोखून अर्धा मिनिट रेकॉर्ड करून घेतलेला रूम टोन, तेवढाच राहिला. त्यात लांबून एका कुकरची शिट्टी आहे. ती शेजारच्या घरातली आहे आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं ती जपून ठेवली.

चित्रपट जवळजवळ पूर्ण झाल्यावर तो पहिल्यांदा एका शाळेतल्या मुलांना दाखवला. मोठी माणसं ज्या जागी हसतील असं वाटलं होतं, तिथे मुलं गंभीर होती. मोहरी मांडताना तर वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, त्या कामाचं महत्त्व त्यांना कळत होतं. दिवे लागल्यावर दिग्दर्शकानं विचारलं, काही शंका? दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "त्या मुलानं स्वतःहून सांगितलं. आजोबांनी कुठे सांगितलं? ते तर पकडले गेले. मग त्यांना कोण काय बोललं?"

बरोबर होतं तिचं. आमच्या सगळ्यांच्या नजरेतून ते सुटलं होतं. चित्रपटात नातवाच्या कबुलीला आजीचा प्रश्न मिळतो, आजोबांना नुसतं हसण्यावारी सोडलेलं होतं. पुन्हा चित्रीकरण करायला पैसे नव्हते, मूर्ती विसर्जित झाली होती, घर रंगायला काढलं होतं. पण आवाज घालता येत होता. शेवटच्या नामावलीवर, मोदकांचं ताट दिसत असताना, आजीचं एक वाक्य टाकायचं ठरलं. लेखिकेनं बरेच पर्याय लिहिले आणि त्यातला रागाचा प्रत्येक शब्द खोडला. आजीचं काम करणाऱ्या नटी स्टुडिओत आल्या, कानाला हेडफोन लावला आणि पानं वाढताना बोलावं तशा सुरात म्हणाल्या, "उद्या सकाळी सातला लॅबवाल्याला बोलावलंय. उपाशीपोटी."

आमचा नायक त्या दिवशी आईबरोबर स्टुडिओत आला होता. काचेमागून त्यानं ते ऐकलं आणि दिग्दर्शकाला म्हणाला, "दादा, आजोबांनी पण काहीतरी म्हणायला पाहिजे. त्यांनी खरं सांगायला पाहिजे." आजोबांच्या नटांना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी आले, माइकपुढे उभे राहिले, आणि नामावलीतली शेवटची दोन नावं वर सरकताना आता त्यांचा आवाज येतो, "एक नाही गं. दोन खाल्ले. एक तू ताट भरायच्या आधीच."